पॉल रोबसन : एका गाण्यातले बदललेले शब्द

मंद्रसप्तक

आम्ही अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला राहतो. भारतातून पाहुणे आले की त्यांना प्रिन्स्टन दाखवायला नेणं ठरलेलं. विद्यापीठ, आइनस्टाइनचं घर बाहेरून, मग विदरस्पून रस्त्यावर कॉफी. त्या रस्त्याला एक आडवा रस्ता मिळतो, त्याचं नाव पॉल रोबसन प्लेस. कोपऱ्यावरच्या कलाकेंद्राबाहेर रोबसनचा अर्धपुतळा आहे. कित्येक वर्षं मी त्याच्यासमोरून ये-जा केली. जुन्या काळचे कोणी गायक, एवढीच माहिती होती. गेल्या हिवाळ्यात त्याचं एकच गाणं दोन वेगवेगळ्या काळांतलं पाठोपाठ ऐकलं. चाल तीच, आवाज तोच, पण शब्द बदललेले. तेव्हापासून मिळेल ते वाचत सुटलेय, म्हणून हा धागा.

गाणं मिसिसिपी नदीचं, 'ओल मॅन रिव्हर'. १९२७ च्या 'शो बोट' या संगीत नाटकातलं. संगीत जेरोम कर्न यांचं, शब्द ऑस्कर हॅमरस्टाइन यांचे. नाटकात ते जो नावाच्या कृष्णवर्णीय हमालाच्या तोंडी आहे. दिवसभर कापसाच्या गासड्या उचलून पाठ मोडलेला हा माणूस नदीकडे बघतो. ही म्हातारी नदी सगळं जाणून असते, बोलत काहीच नाही, वाहत राहते. जोला तिचा हेवा वाटतो. मलाही असंच व्हायला आवडेल, म्हणतो. जगण्याचा वीट आलाय, पण मरायची भीती वाटते, असा शेवट.

१९२८ मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरात रोबसनने हे गायलं आणि तो जगभर पोहोचला. १९३६ च्या चित्रपटातही त्यानेच गायलं. आणि मग तीसच्या दशकाच्या अखेरीला, मैफलींत गाताना, त्याने शब्द बदलायला सुरुवात केली. 'तसं व्हायला आवडेल'च्या जागी 'तसं मला व्हायचं नाही'. 'जरा दारू चढली की तुरुंगात' ऐवजी 'जरा हिंमत दाखवली की तुरुंगात'. आणि शेवटचं ते मरणाचं भय काढून, 'मरेपर्यंत मला लढत राहायलाच हवं'.

ज्या गाण्याने नाव दिलं त्याच गाण्यातली हताशा त्याने अशी उपसून काढली. लोक म्हणतात की आधी तो कलावंत होता, मग राजकारणात शिरला आणि करिअर घालवून बसला. मला ही दोन वेगळी माणसं दिसतच नाहीत. ज्याला हे शब्द तोंडात घेववेनात त्याला गप्पही बसवणार नव्हतं.

थोडं मागे जाते. जन्म ९ एप्रिल १८९८, प्रिन्स्टन. वडील विल्यम ड्रू रोबसन नॉर्थ कॅरोलिनात गुलाम म्हणून जन्मले आणि पंधराव्या वर्षी पळाले. पुढे शिकून धर्मोपदेशक झाले. विदरस्पून रस्त्यावरच्याच चर्चमध्ये वीस वर्षं काढली आणि मग तिथून त्यांना जावं लागलं. पोटासाठी हा लॅटिन-ग्रीक जाणणारा माणूस घोडागाडी हाकू लागला, लोकांच्या घरची राख वाहून नेऊ लागला. पॉल सहा वर्षांचाही नव्हता तेव्हा आईच्या कपड्यांनी शेगडीच्या निखाऱ्यांनी पेट घेतला आणि ती गेली. डोळे अधू झाले होते तिचे.

वडिलांची एक आठवण त्याने आत्मचरित्रात लिहिलीय. पॉल दहाएक वर्षांचा. वडिलांनी काहीतरी सांगितलं, याने ऐकलं नाही. ते जवळ येऊ लागले तसा हा रस्ता ओलांडून पळाला. साठीपलीकडचा तो माणूस मागे धावला, अडखळून पडला आणि एक दात पडला. पॉलला त्या क्षणी जे वाटलं ते तो जन्मभर विसरला नाही. पुन्हा कधी वडिलांचा शब्द मोडला नाही, असं म्हणतो. मी हे वाचून पुस्तक मिटून ठेवलं होतं थोडा वेळ.

१९१५ मध्ये शिष्यवृत्तीवर रटगर्स विद्यापीठ. तोपर्यंतच्या इतिहासात तिथला तिसरा कृष्णवर्णीय विद्यार्थी. अमेरिकी फुटबॉलच्या संघात जायला गेला तर सरावातच संघातल्या गोऱ्या मुलांनी त्याचं नाक फोडलं, खांदा निखळवला. पुन्हा गेला तेव्हा एकाने खिळ्यांच्या बुटाने त्याचा हात चिरडला, नखं उपटली. तो तरी खेळला, आणि १९१७ व १९१८ अशी सलग दोन वर्षं देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या संघात निवडला गेला. वर्गात पहिला. पदवीदान समारंभाचं भाषण त्याचं. पुढे कोलंबिया विद्यापीठातून कायद्याची पदवी. वकिलीच्या कचेरीत टंकलेखिकेने कृष्णवर्णीयाचं डिक्टेशन घेणार नाही असं तोंडावर सांगितलं, आणि त्याने वकिली सोडली.

रंगभूमी तिथून. १९२४ मध्ये युजीन ओनील यांची नाटकं. एप्रिल १९२५ मध्ये ग्रिनिच व्हिलेजमधल्या एका थिएटरात लॉरेन्स ब्राऊन पियानोवर आणि हा गायला उभा, कार्यक्रमात फक्त गुलामांची भक्तिगीतं आणि लोकगीतं. असा पूर्ण कार्यक्रम तोवर कोणी एकट्याने केल्याचं ऐकिवात नव्हतं. १९४३ मध्ये ब्रॉडवेवर 'ऑथेल्लो', २९६ प्रयोग. शेक्सपिअरच्या नाटकाचे ब्रॉडवेवर इतके सलग प्रयोग आजवर दुसऱ्या कुठल्या निर्मितीचे झालेले नाहीत.

हे सगळं असताना, १९४६ मध्ये तो राष्ट्राध्यक्ष ट्रूमनना भेटायला शिष्टमंडळ घेऊन गेला. जमावाने कृष्णवर्णीयांना ठेचून, फासावर लटकवून मारायचे प्रकार महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांच्याही वाट्याला येत होते. त्याविरुद्ध कायदा करा, एवढी मागणी. अध्यक्ष म्हणाले, आत्ता वेळ योग्य नाही.

१९५० मध्ये त्याचा पासपोर्ट काढून घेतला. पुढची आठ वर्षं देशाबाहेर जायला मनाई, देशात सभागृह मिळेना, तबकड्या दुकानातून गायब. वर्षाला लाखावर डॉलर मिळवणाऱ्याची कमाई काही हजारांवर आली. न्यायालयात परराष्ट्र खात्याने जी कारणं दिली त्यात एक असं होतं की हा माणूस आफ्रिकेतल्या वसाहतींच्या स्वातंत्र्यासाठी वर्षानुवर्षं राजकीयदृष्ट्या अत्यंत सक्रिय आहे. हे आरोप म्हणून लिहिलंय. सरकारी कागदात.

बरंच राहिलंय. प्रतिसादांत लिहीन.

खाडीकाठची

ताई, दाताचा प्रसंग वाचून गलबललं. आणखी लिहा.

जुना_वाचक

उत्तम धागा. भारताशी रोबसन यांचं नातं लिहायलाच हवं, म्हणून थोडी भर.

लंडनमध्ये ते कृष्ण मेनन आणि भारताच्या स्वातंत्र्यासाठी काम करणाऱ्या इंडिया लीगच्या वर्तुळात होते. १९३८ च्या जूनमध्ये नेहरू लंडनला आले तेव्हा किंग्जवे हॉलमध्ये त्यांच्या स्वागताची सभा झाली, तिथे रोबसन बोलले. नेहरू आणि रोबसन पतिपत्नींची मैत्री तिथली. पत्नी एसलांडा स्वतः रसायनशास्त्र आणि पुढे मानववंशशास्त्र शिकलेल्या, लेखिका. त्यांचा आणि विजयालक्ष्मी पंडितांचा स्नेह होता. महायुद्धाच्या काळात पंडितांच्या मुली शिकायला अमेरिकेत गेल्या तेव्हा या कुटुंबाने त्यांना माया लावली.

आणि मुंबईचा भाग. ९ एप्रिल १९५८ ला रोबसन साठ वर्षांचे झाले. पासपोर्ट अजून मिळालेला नव्हता. भारतात त्यांचा वाढदिवस साजरा करायला समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष मुंबई उच्च न्यायालयाचे तेव्हाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला. अमेरिकी परराष्ट्र खात्याने हे समारंभ होऊ नयेत म्हणून खटपट केली. नेहरूंनी उलट जाहीर निवेदन काढलं: हा दिवस साजरा करावा तो रोबसन आपल्या पिढीतले थोर कलावंत आहेत म्हणून तर खराच, पण मानवी प्रतिष्ठेच्या ज्या कामासाठी त्यांनी सोसलं ते आपल्या सर्वांना प्रिय असायला हवं म्हणूनही. एका देशाचे पंतप्रधान, दुसऱ्या देशाच्या सरकारने कोंडून घातलेल्या गायकाबद्दल असं लेखी बोलतात. आणि समितीवर अध्यक्ष म्हणून बसलाय विद्यमान न्यायाधीश. त्यांचं मला फार अप्रूप वाटतं.

दोनच महिन्यांनी, जून १९५८ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने चित्रकार रॉकवेल केंट यांच्या खटल्यात निकाल दिला की राजकीय मतांवरून पासपोर्ट अडवता येणार नाही. पाच विरुद्ध चार. त्या निकालाने रोबसन सुटले.

पाचवी_ओळ

भूपेन हजारिका! त्यांचं गंगेवरचं हिंदी गाणं आपल्याकडे सगळ्यांनी ऐकलेलं. मूळ असमिया ब्रह्मपुत्रेवरचं, आणि त्याची प्रेरणा हेच मिसिसिपीचं गाणं. हजारिका कोलंबिया विद्यापीठात पीएचडी करत होते तेव्हा न्यूयॉर्कला रोबसन यांच्या सहवासात आले.

वर ताईंनी शब्दांबद्दल जे लिहिलंय ते वाचून मला एकदम उलगडा झाला. मूळ गाण्यात हमाल नदीचा हेवा करतो. रोबसन म्हणतो तसं मला व्हायचं नाही. हजारिका पुढे जाऊन नदीलाच जाब विचारतात, दोन्ही काठांवर एवढा आकांत चाललाय आणि तू निमूट वाहतेस कशी? एका गाण्याचा हा प्रवास बघा. हेवा, मग नकार, मग जाब.

गाण्याबद्दलच आणखी. मी शास्त्रीय संगीत शिकवतो, पाश्चात्त्य संगीतातला जाणकार नाही. पण त्यांचा खर्ज ऐका. आपल्याकडे खर्जाचा रियाज पहाटे करतात, त्यात आवाज जमिनीला टेकल्यासारखा लागतो. यांचा तसा मुळातच लागलेला आहे आणि तरी शब्द एकही गिळलेला नाही. गाताना अनेकदा एक हात कानामागे धरतात. आपल्याकडे कित्येक गवई धरतात तसाच. स्वतःचा आवाज स्वतःला नीट ऐकू यावा म्हणून.

चाळिशी-पन्नाशीत त्यांनी स्वरशास्त्राचा अभ्यास केला. जगभरच्या लोकसंगीतात पाच स्वरांची सप्तकं सापडतात, आफ्रिकेत, चीनमध्ये, स्कॉटलंडच्या डोंगरात, मिसिसिपीच्या शेतमजुरांत. तेव्हा ही माणसं मुळात एका घरची, हा त्यांचा सिद्धान्त. आत्मचरित्राच्या शेवटी परिशिष्टच आहे त्यावर. आपल्याकडे भूप घ्या. सा रे ग प ध. मी वर्गात मुलांना भूप शिकवतो तेव्हा हल्ली त्यांची दोन भक्तिगीतं आधी ऐकवतो. मुलं हार्मोनियमवर लगेच स्वर शोधतात. सिद्धान्त शास्त्राच्या कसोटीला किती उतरतो ते अभ्यासक सांगतील, पण भाषांमागे लागून ते परभाषेतली गाणी त्या-त्या भाषेत गायला शिकले ते या श्रद्धेपोटी. रशियन, यिडिश, वेल्श, चिनी. लंडनला आफ्रिकी भाषा शिकायला रीतसर विद्यार्थी म्हणून नाव घातलं होतं, तेही नावारूपाला आल्यावर.

तळटीप

चांगलं चाललंय, पण एक बाजू कोणी लिहित नाहीये, म्हणून मी लिहितो. कडू लागेल.

रोबसन सोव्हिएत संघाचे उघड समर्थक होते आणि अखेरपर्यंत राहिले. १९५२ चं स्टालिन शांतता पारितोषिक त्यांनी स्वीकारलं. १९५३ मध्ये स्टालिन गेला तेव्हा गौरवपर लेख लिहिला. हे सगळं 'माहीत नव्हतं' म्हणून सोडून देता येत नाही, कारण १९४९ चा प्रसंग आहे.

जून १९४९, मॉस्को. रोबसन यांनी आपल्या यिडिश कवी मित्राला, इत्झिक फेफरला, भेटायचा आग्रह धरला. फेफर तेव्हा तुरुंगात होता. त्याला कपडे घालून हॉटेलच्या खोलीवर आणलं गेलं. रोबसन यांच्या मुलाने पुढे सांगितलं त्याप्रमाणे, खोलीत चोरून ऐकणारी यंत्रं आहेत हे फेफरने खुणेने सांगितलं. तोंडाने इकडचं तिकडचं बोलत राहिला आणि हातांनी आपलं काय होणार ते दाखवलं: गळ्यावरून बोट फिरवलं. ज्यू नटश्रेष्ठ मिखोएल्सना मारलं गेलं हेही कळवलं.

रोबसन अमेरिकेत परतले आणि पत्रकारांनी विचारल्यावर, तिथे ज्यूंवर काही अन्याय होताना दिसला नाही, असं सांगितलं. १२ ऑगस्ट १९५२ ला फेफरला गोळ्या घालून मारलं.

अमेरिकेत जमावाच्या हातून मेलेल्या प्रत्येक माणसासाठी जो माणूस अध्यक्षांसमोर उभा राहिला, तो स्वतःच्या मित्रासाठी गप्प राहिला. ताई, तुम्ही म्हणता ज्याला ते शब्द तोंडात घेववेनात त्याला गप्पही बसवणार नव्हतं. इथे तो गप्प बसला. माझ्या मनातून ते जात नाही.

खाडीकाठची

हे मला ठाऊक नव्हतं. वाचून सुन्न झाले.

मंद्रसप्तक

तळटीप, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. मी ते पहिल्या लेखात टाळलं होतं, हे कबूल करते. ते माझं वाक्य तुम्ही म्हणता तिथे उणं पडतं.

त्या भेटीनंतरचं एक मात्र जोडते. १४ जूनला चायकोव्स्की सभागृहात त्याची मैफल होती. शेवटी त्याने श्रोत्यांना गप्प केलं आणि मिखोएल्स आणि फेफर या आपल्या मित्रांची नावं घेतली. नावं घेणंच तेव्हा धोक्याचं. मग वॉर्सातल्या ज्यूंच्या उठावाशी जोडलेलं लढ्याचं गाणं यिडिशमध्ये गायला. सभागृहात आधी शांतता, मग लोक रडत, ओरडत उभे राहिले. तो जिथे बोलू शकला तिथे गाण्यातून बोलला. घरी आल्यावर गप्प राहिला. असं का, याचं कारण त्याच्या मुलाने सांगितलं ते असं की सोव्हिएत संघावर टीका केली तर ती अमेरिकेतल्या उजव्यांच्या हातातलं शस्त्र होईल, अशी त्याची धारणा होती. कारण कळतं. त्याने फेफरचा जीव परत येत नाही आणि गप्प राहणं बरोबरही ठरत नाही. मी त्याचं समर्थन करणार नाही.

पण त्याच उन्हाळ्यात इकडे काय चाललं होतं तेही बघा. एप्रिल १९४९ मध्ये पॅरिसच्या शांतता परिषदेत तो जे बोलला त्याचा विपर्यास बातमीत आला: अमेरिकेचे कृष्णवर्णीय सोव्हिएत संघाशी लढणार नाहीत, असं जणू त्याने सगळ्यांच्या वतीने जाहीर केलं. गदारोळ झाला. बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सनला संसदीय समितीसमोर त्याच्याविरुद्ध बोलायला बोलावलं गेलं. (रॉबिन्सनने आयुष्याच्या शेवटी लिहिलं की आता बोलावलं तर मी जाणार नाही, रोबसनबद्दल माझा आदर वाढलाय.)

ऑगस्टमध्ये पीकस्किल. न्यूयॉर्कच्या उत्तरेला हडसनकाठचं गाव. २७ ऑगस्टच्या मैफलीला जमावाने मारहाण करून सुरूच होऊ दिलं नाही. ४ सप्टेंबरला पुन्हा ठेवली. कामगार संघटनांची हजारो माणसं मैदानाभोवती खांद्याला खांदा लावून कडं करून उभी. वीसेक हजार श्रोते आत. रोबसन गायला तेव्हा त्याच्या मागे माणसं दाटीने उभी राहिली, कुठून गोळी आली तर आपल्याला लागावी म्हणून. मैफल पार पडली. परतताना अरुंद रस्त्यावर दोन्ही बाजूंनी दगडांचा वर्षाव. गाड्यांच्या काचा फुटल्या, दीडशेच्या आसपास माणसं जखमी. लोकगायक पीट सीगर बायको-मुलांसह त्या गाडीरांगेत होता. गाडीत पडलेले दगड त्याने पुढे स्वतःच्या घराच्या शेकोटीच्या चिमणीत चिणून ठेवले.

कार्डिफकर

मी वेल्समध्ये नऊ वर्षं आहे. इथे रोबसन यांचं नाव काढलं की सत्तरीचे लोक अजून हळवे होतात. आमच्या शेजारच्या आजोबांनी मला पहिल्यांदा सांगितलं, त्यांचे वडील ऱ्हाँडा खोऱ्यात खाणीत होते.

गोष्ट अशी. १९२० च्या दशकाच्या अखेरीला लंडनच्या रस्त्यावर वेल्श खाणकामगारांचा जथा गात चालला होता. बेकार झालेले, मदत मागायला पायी आलेले. गाणं ऐकून रोबसन त्यांच्यात सामील झाले, बरोबर गात चालले, आणि परतीच्या रेल्वेचं भाडं भरलं. तिथून ते इथल्या खोऱ्यांत येत राहिले. १९४० मध्ये खाणकामगारांवरचा 'द प्राउड व्हॅली' हा चित्रपट केला. त्यात ते खाणीत कामाला लागलेल्या कृष्णवर्णीय खलाशाच्या भूमिकेत आहेत. आपण केलेल्या चित्रपटांपैकी हा आवडता, असं ते म्हणत.

पासपोर्ट नसताना, ऑक्टोबर १९५७ मध्ये, पोर्थकॉलला खाणकामगारांचा संगीत महोत्सव होता. न्यूयॉर्कच्या स्टुडिओत रोबसन, इकडे सभागृहात हजारो माणसं, आणि मध्ये अटलांटिकच्या तळाने नुकतीच टाकलेली टेलिफोनची तार. तिच्यावरून ते गायले. संघटनेच्या अध्यक्षांनी इकडून स्वागत केलं, खाणकामगारांच्या गायकवृंदाने उलट गाणं म्हटलं, ते तिकडे त्यांनी ऐकलं. त्याचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. सुरुवातीला खरखर आणि मग एकदम तो आवाज येतो. सभागृहातली माणसं रिकाम्या मंचाकडे बघत बसली असतील, कर्ण्यातून आवाज येतोय आणि गायक तीन हजार मैलांवर. सरकारने माणूस अडवला होता, आवाज समुद्राखालून आला.

जुना_वाचक

कार्डिफकर, फार सुंदर. कॅनडाच्या सीमेवरचं पण असंच. जानेवारी १९५२ मध्ये व्हँकुव्हरच्या कामगारांनी बोलावलं होतं. कॅनडाला जायला अमेरिकी माणसाला पासपोर्ट लागतच नव्हता, तरी सीमेवर अडवलं. मग १८ मे ला वॉशिंग्टन राज्यात ब्लेन इथे, दोन देशांच्या मधल्या पीस आर्चपाशी, उघड्या ट्रकवर उभं राहून गायले. ट्रक अमेरिकेच्या हद्दीत, श्रोते दोन्हीकडे, बरेचसे कॅनडाच्या बाजूला.

तळटीप

मी वर जे लिहिलं त्यावर ठाम आहे. पण प्रतिसाद वाचून काल रात्री १२ जून १९५६ च्या समितीसमोरच्या जबाबाचा मजकूर वाचला. अमेरिकाविरोधी कारवायांची चौकशी करणारी ती समिती. मला वाटलं होतं घोषणाबाजी असेल. तसं नाही. एका सदस्याने विचारलं, रशिया एवढा आवडतो तर तिथेच का राहिला नाहीत? उत्तर असं: कारण माझे वडील गुलाम होते आणि माझी माणसं हा देश उभारताना मेली, मी इथेच राहणार आणि तुमच्यासारखाच या देशात माझा वाटा घेणार.

समितीने सभा गुंडाळली. जाता जाता ते म्हणाले, खरे अमेरिकाविरोधी तुम्ही आहात, लाज वाटायला हवी तुम्हाला.

हे उत्तर देणारा माणूस आणि फेफरबद्दल गप्प राहिलेला माणूस एकच आहे. मला दोन्ही धरून ठेवायचंय, एक सोडून दुसरं नको.

मंद्रसप्तक

तळटीप, माझंही तेच म्हणणं आहे.

एक वाक्य मला इथे लिहायचंय. जून १९३७, लंडनचा अल्बर्ट हॉल, स्पेनच्या यादवी युद्धातल्या निर्वासित मुलांसाठी सभा. रोबसन म्हणाला, कलावंताला स्वातंत्र्यासाठी लढायचं की गुलामीसाठी, हे निवडावंच लागतं. मी निवडलंय, मला दुसरा मार्ग नव्हता. हेच वाक्य त्याच्या थडग्यावर कोरलंय. पुढच्या वर्षी तो स्वतः स्पेनला गेला, आंतरराष्ट्रीय तुकड्यांच्या सैनिकांसाठी गायला.

शेवटच्या वर्षांबद्दल विचारलं होतंत व्यनिमध्ये (व्यक्तिगत निरोपात) काही जणांनी. पासपोर्ट मिळाल्यावर १९५९ ला स्ट्रॅटफर्डला पुन्हा ऑथेल्लो केला. नोव्हेंबर १९६० मध्ये सिडनीला गेला, तिथे ऑपेरा हाऊसचं काम चालू होतं, नुसते काँक्रीटचे खांब आणि परांच्या. जेवणाच्या सुट्टीत कामगार डबे सोडून परांच्यांवर चढून बसले आणि हा खाली ओव्हरकोट घालून, एक हात कानामागे, गायला. त्या इमारतीत गायलेला पहिला नामवंत तोच, इमारत व्हायच्या तेरा वर्षं आधी. त्याच दौऱ्यात तिथली कार्यकर्ती फेथ बँडलरने त्याला ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांच्या हालअपेष्टांवरचा माहितीपट दाखवला. तो बघताना त्याचे डोळे वाहू लागले आणि रागाने डोक्यावरची टोपी काढून जमिनीवर फेकली, असं तिने सांगितलंय.

मग मार्च १९६१, मॉस्को. हॉटेलच्या खोलीत त्याने मनगटाच्या नसा कापून घेतल्या. वाचला. लंडनच्या मनोरुग्णालयात विजेचे झटके, पन्नासहून जास्त. नंतर पूर्व बर्लिनमध्ये उपचार. १९६३ अखेर घरी आला. १९६५ मध्ये एसलांडा गेली. उरलेली दहा वर्षं फिलाडेल्फियाला थोरल्या बहिणीकडे, मेरियनकडे, वॉलनट रस्त्यावरच्या घरात. ती शिक्षिका होती, निवृत्त झालेली. मंचावर पुन्हा आला नाही. १९७३ मध्ये कार्नेगी हॉलला पंच्याहत्तरीचा कार्यक्रम झाला तेव्हाही फक्त ध्वनिमुद्रित निरोप पाठवला. २३ जानेवारी १९७६ ला गेला. हार्लेममधल्या ज्या चर्चमध्ये भाऊ बेन धर्मगुरू होता तिथे अंत्यविधी झाला. जानेवारीतली थंडी, पाऊस, आणि तरी हजारो माणसं.

फिलाडेल्फियाचं ते घर आता संग्रहालय आहे, मी मार्चमध्ये जाऊन आले. आपल्या बायकांच्या सवयीने आधी स्वयंपाकघर कुठे असेल ते बघत होते. आतल्या माणसांकडून कळलं की बहिणीने त्याला भेटायला येणाऱ्या कुतूहलवाल्यांना दारातूनच परत पाठवून सांभाळलं. आयुष्यभर दहा-दहा हजारांसमोर उभा राहिलेला माणूस, आणि शेवटी त्याच्यासाठी दार लावून घेणारी एक बहीण.

खाडीकाठची

ताई, मला इंग्रजी गाण्यांची सवय नाही. सुरुवात कुठून करू?

मंद्रसप्तक

आधी १९३६ च्या चित्रपटातलं नदीचं गाणं ऐक. शब्द समोर ठेव, मी व्यनि करते. मग त्याच्या चाळीस-पन्नाशीतल्या मैफलींतलं तेच गाणं. सुरुवातीच्या ओळींत, म्हाताऱ्या नदीसारखं व्हायचं की नाही असं जिथे येतं, तिथे कान दे. 'नाही' हा एवढासा शब्द आहे. तो त्यावर जोर देत नाही, सहज म्हणतो आणि पुढे जातो. पहिल्यांदा माझ्या लक्षातच आला नव्हता.